मोतीबिंदू पिकायची वाट बघितली

"उजवा डोळा गेलाय. आता डावा वाचवायचा," बारामतीचे डोळ्याचे डॉक्टर म्हणाले.

माझ्या वडलांनी, आबांनी विचारलं, "गेला म्हंजी? पिकला न्हाय का अजून?"

एरवी मी डॉक्टरांची नक्कल बाहेर येताच करून दाखवली असती. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढल्यापायी मार खाल्लेला माणूस मी. त्या दिवशी नक्कल सुचलीच न्हाय.

आबांना वर्षभर धुरकट दिसत हुतं. शेजारचे तात्या इंदापूरच्या शिबिरात मोतीबिंदू काढून आलेले, म्हंजी आमच्या आळीचे डॉक्टरच. बॅटरी मारून म्हणाले, "बाहुलीत पांढरं दिसतंय, पण कच्चा हाय. पिकू दे, पुढच्या शिबिरात काढू." झालं. आंब्याची आढी लावल्यागत आमी वाट बघत बसलो. डोळा दुखत न्हवता, लाल न्हवता.

तवा आबा उजव्या खांद्यानं चौकटीला धडकायचे. उजवीकडचं बघाया कोंबड्यावाणी अख्खी मान वळवायचे. मी त्याची नक्कल बसवली. आळी हसायची, आबाबी हसायचे. आई तेवढी म्हणायची, "बापाची चेष्टा करतोस, मुडद्या!"

शेवटी बारामतीला नेलं, तितं डॉक्टरांनी मशिनीवर हनुवटी टेकवून तपासलं. नाव सांगितलं स्यूडोएक्सफोलिएशन. म्हंजी डोळ्यातल्या भिंगावर कोंड्यागत पांढरे कण साचत्यात. डोळ्यातलं पाणी ज्या चाळणीतनं बाहेर पडतं, ती त्यानं तुंबती आन् आतला दाब वाढतो. दाबानं डोळ्यामागची नजरेची नस सुकती. तो ग्लॉकोमा, आपला काचबिंदू.

"कण असले की काचबिंदू होतोच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण धोका जास्त. म्हणून दाब मोजत राहायचा."

"मग आपरेशन करून टाका की," आबा म्हणाले.

"सुकलेली नस ऑपरेशननं परत येत नाही, आबा."

कण डाव्या डोळ्यातबी हुते. दाब तितंबी चढलेला, नस अजून जिती.

आबांना आतच बसवून मी बाहेर आलो. उजवा डोळा हातानं झाकला आन् चाललो. खांदा दाराला धडकला. वर्षभर माझी नक्कल बरोबर हुती. कळलं कुणालाच न्हवतं, मलाबी न्हाय.

टायमोलॉलचे थेंब दिले, दाब उतरवायला, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या महिन्यात आबांनी बाटली भिंतीतल्या देवळीत ठिवली ती ठिवलीच. "दुखत न्हाय तर कशाला घालू?" पुढच्या तपासणीला दाब तसाच. "असंच चाललं तर डावाही जाईल," डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत आबा म्हणाले, "तुजं तोंड तरी दिसू दे रं."

तवापास्नं दिवसातनं दोनदा मी थेंबांची बाटली घेऊन डॉक्टरांच्या आवाजात हाक मारतो, "आबा, वर बघा. डोळा मिटा." आबा म्हणत्यात, "व्हय, डॉक्टरसाहेब," आन् गुमान मान वर करत्यात.

तुमच्या घरी कुणी धडकत असंल, मान वळवून बघत असंल, तर हसू नका. पिकायची वाट तर बघूच नका.

परवाच्या तपासणीला दाब उतरलेला निघाला. "सध्या ठीक," डॉक्टर म्हणाले. त्यांचे उपकार हायतच, पण तो 'सध्या' ऐकून मी पुढच्या तपासणीची तारीख दोनदा लिहून घेतली.

निघताना आबा म्हणाले, "माजी नक्कल कर की. लई दिस झालं."

मला जमंना.

"मग मीच करतो," म्हणत ते उठले, कोंबड्यावाणी मान वळवली आन् दाराच्या चौकटीला उजवा खांदा हाणला. बाकावरची माणसं हसली.

मुद्दाम धडकले का खरंच, ते मी अजून इचारलं न्हाय.