मामांची ओळखपरेड

आमच्या मामांइतका भांडखोर माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो मामांशी भांडून केव्हाच थकला असेल. माजलगावात वकिली करता करता त्यांना निरपराध माणसांना झालेल्या शिक्षांचा अभ्यास करण्याचं वेड लागलं. जुने निकाल वाचताना ते एकटेच ओरडत. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणारा पुढे सरकला, की शेजाऱ्याला विचारत, "त्याच्या सदऱ्याचा रंग सांगा." शेजारी निळा म्हणे, पलीकडचा पांढरा. मामा पत्रावळीशेजारी हात आपटत, "आन् असल्याच डोळ्यांवर जन्मठेप देतेत बे!" आजूबाजूची मंडळी जागा बदलत.

त्यांचा सगळ्यात मोठा राग बिरूच्या शिक्षेवर. हा मेंढपाळ तलवाड्याच्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवायला आला होता. गावात खून झाला, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या साक्षीवर बिरूला जन्मठेप झाली. दिवस मावळताना तुरीपलीकडून घोंगडी पांघरून पळाला तो हाच, असं म्हाताऱ्यानं सांगितलं. घोंगडी! थंडीत घोंगडी न पांघरणारा एक मेंढपाळ दाखवा, मी त्याच्या पाया पडतो.

मामांनी काय करावं? तसल्याच थंडीत, तिन्हीसांजेला, ते तुरीपलीकडे घोंगडी पांघरून उभे राहिले. एका बाजूला बिरूचा भाऊ, दुसऱ्या बाजूला आणखी एक मेंढपाळ. बांधावर म्हाताऱ्याजवळ मी. "आत्ता ज्याच्यासंगं चहा प्यालात, तो बिरूचा भाऊ यातला कोणता?" मी विचारलं. म्हाताऱ्यानं छातीठोकपणे मामांकडे बोट दाखवलं. मामा घोंगडी फेकून तरातरा आले. मला वाटलं, आता दुसरा खून होतो.

"मंग तवा बिरूला कसं वळखलं, बाबा?"

"ठान्यात सायबानी आदी दावला की. परेडीत म्या त्योच दावला. चुकलो न्हाई."

चुकलो न्हाई! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आधी माणूस दाखवायचा, मग त्यालाच ओळखायला लावायचं, आणि याला तपास म्हणायचं!

मामांनी हे म्हाताऱ्याकडून वरच्या कोर्टात वदवून घेतलं. अपील लोंबकळत राहिलं आणि बऱ्याच वर्षांनी बिरू सुटला. कसा? संशयाचा फायदा देऊन. मामांनी पेढे आणू दिले नाहीत. "मेंढरं गेली, माय गेली," ते गरजले, "आन् फायदा झाला म्हनं ह्याचा!"

बिरू आता दुसऱ्याची मेंढरं राखतो. परवा मामांबरोबर त्याच्या घरी गेलो. अंधारून येत होतं. माणूस दिसायच्या आधीच रानातून आवाज आला, "म्या बिरू हाय वो! मालोजीचा बिरू! मेंढरं घिऊन यायलोय!"

"रोजच असं वरडत येतेत," त्याची बायको म्हणाली. "कुनी दुसराच समजू नये म्हनून."

मामा खाटेवरून उठले. मग रानाकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "वळखलं रे बाबा. ये."