काकांच्या दहाव्याचा माईक

आमच्या दोन तालुक्यांतल्या निवेदकांची एक संघटना आहे. लग्न, वास्तुशांत, जत्रेतल्या कुस्त्या, सरपंचाचा वाढदिवस, दहावा, जिथं म्हणून माईक असतो तिथं आमच्यातला कुणीतरी उभा असतो. भोर-वेल्हे मिळून आम्ही चाळीसेक जण. त्यात एक अध्यक्ष, चार उपाध्यक्ष, दोन सचिव आणि प्रसिद्धिप्रमुख म्हणून मी. ऐकणारा सभासद एकही नाही. मासिक सभा भोरला एका चहाच्या दुकानामागच्या खोलीत भरते आणि तिथं कुठल्याही क्षणी निदान सहा जण बोलत असतात. चहावाला म्हणतो, तुमच्यापेक्षा गुरांचा बाजार बरा, तिथं शेवटी काहीतरी ठरतं तरी.

तर अशा या संघटनेनं एकदा समाजकार्य अंगावर घेतलं. विषय होता दहाव्याची भाषणं. आमच्याकडे दहावा म्हणजे सकाळी घाटावर विधी, मग प्रवचन, आणि मग श्रद्धांजली. ही श्रद्धांजली म्हणजे मोठं प्रकरण असतं. पांढऱ्या कपड्यातली माणसं गाड्यांतून उतरतात, पुढच्या खुर्च्या पकडतात आणि निवेदकाच्या हातात चिठ्ठ्या सरकवतात. चिठ्ठीवर स्वतःचं नाव, खाली तीन पदं. एक नाव राहिलं तर वर्षभर तो माणूस निवेदकाला रामराम घालत नाही. सगळे सुरुवातीला म्हणतात, मी जास्त वेळ घेणार नाही. हे म्हणण्यातच पाच मिनिटं घेतात. गेलेला माणूस बिचारा राहतो बाजूला, आणि कुणी त्याच्या वाडीतल्या रस्त्याचं काम कसं मंजूर करून आणलं ते आम्ही ऐकत बसतो.

हे थांबवू या, असं आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या निवेदकांनी सभेत मांडलं. पासली गावचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. भातशेती सांभाळून उभा जन्म माईकवर काढलेला माणूस. आवाज असा, की वीज गेली तरी कार्यक्रम थांबत नसे. मला त्यांनीच शिकवलं. कुठं थांबायचं, कुणाचं नाव आधी घ्यायचं, जावई आणि मेव्हणा यांच्यात आधी कोण. काका म्हणाले, नियम एकच करा. घरचं माणूस आधी, मग बाहेरचे तीन, बास. ज्या बाईचा नवरा गेला ती मागं दोन तास बसून असते, आणि ज्यांनी त्याला कधी पाणी विचारलं नाही ते तिला सांगतात की तो कसा होता. काकांनी हे साध्या आवाजात सांगितलं. तेवढा वेळ कधी नव्हे ती खोली गप्प होती.

मग अभियान सुरू झालं. स्वतःच्या गाड्या, स्वतःचं पेट्रोल, गावोगाव फिरून लोकांना पटवायचं. पहिलं काम आम्ही काय केलं असेल? फ्लेक्स छापला. त्यावर सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, अध्यक्षांचा मोबाईल कानाला लावलेला. नियम खाली एका ओळीत, इतका बारीक की वाचायला वाकावं लागे. पालीला देवळात सभा घेतली. कमी बोलावं हे पटवून द्यायला आम्ही सात जण दीड तास बोललो. शेवटी एक आजोबा काठी टेकत उठले आणि म्हणाले, मग हितनंच सुरुवात करा की. काका इतके हसले की ठसका लागला. परतीच्या गाडीत अध्यक्ष म्हणाले, प्रतिसाद उत्तम आहे.

वर्षभरात पुष्कळ गावं हो म्हणाली. पाळलं कुणी नाही. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, मीसुद्धा नाही. वेल्ह्याच्या एका दहाव्याला मी मुकाट्यानं चौदा चिठ्ठ्या वाचल्या आणि घरची मुलगी हातात कागद धरून तशीच बसून राहिली. काकांना कळलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, तुला हुकमाचं पान दिलंय, ते खिशात कुजवू नको.

हुकमाचं पान म्हणजे काय, ते सांगायला हवं. एका गावात नाव राहिलं म्हणून घाटावरच दोन गट बाह्या सरसावून उभे राहिले होते. दगड उचलायचे तेवढे बाकी होते. काकांनी शांतपणे माईक घेतला आणि म्हणाले, आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहू या. झालं. जो जिथं होता तिथं हात जोडून उभा. एकाची तर मूठ वळलेली होती, ती त्यानं तशीच दुसऱ्या हातात धरली. गाडीत मला म्हणाले, स्तब्धता पुकारली की कुणाच्या बापाला बोलता येत नाही आणि हलताही येत नाही. ती सोडवायची किल्ली मात्र निवेदकाजवळ असते. एरवी आम्ही दोन मिनिटं म्हणतो आणि वीस सेकंदांत ओम शांती म्हणून मोकळे होतो. घड्याळ कोण बघतो?

पुढच्या पावसाळ्यानंतर काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पुण्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तर ते नुसते बघत होते. मी बाहेर येऊन जिन्यात रडलो, खोटं कशाला सांगू. तिथं आलेले आमचे सगळेच रडले. दोन आठवड्यांनी काका गेले. गावात, संघटनेच्या मोबाईल ग्रुपवर, ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य झालं. जन्मभर बोलले आणि जाताना एक शब्द न बोलता गेले. आमच्या लोकांना असं वाक्य सापडलं की ते हाडूक सापडल्यासारखं चघळतात.

तिसऱ्या दिवशी मी पासलीला गेलो तेव्हा काकीनं मला आत बोलावलं. दहाव्याला माईक माझ्याकडं असणार हे ठरलंच होतं. काकी म्हणाली, मला बोलायचं हाय. न बोलता गेले असं लोक म्हणतात, ते तिला सगळ्यांसमोर खोडायचं होतं. काय बोलणार ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जन्मात ती माईकपुढं उभी राहिली नव्हती. मी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला, काकी, सगळ्यांत आधी तू.

दहाव्याच्या सकाळी ओढ्याकाठी ही गर्दी. भातकापणीचे दिवस असूनही लोक आले होते. प्रवचन संपायच्या आत माझ्या हातात अकरा चिठ्ठ्या होत्या, त्यातल्या आठ आमच्याच संघटनेच्या. मी काकीला बोलवायला तोंड उघडलं, तेवढ्यात एक पुढारी कानाशी येऊन म्हणाले, मला पुढं अजून दोन दहावे आहेत, माझं आधी उरकून घ्या. मी घेतलं. एवढा एकच, असं मनाला सांगितलं. त्यांचं संपलं तर त्यांच्या विरोधी गटाचे आधीच माईकजवळ उभे, त्यांना थांबवलं असतं तर बोभाटा झाला असता. मग उपाध्यक्ष आले. त्यांनी काकांच्या अभियानाची माहिती दिली. घरचं माणूस आधी, बाहेरचे तीन, या नियमाचं महत्त्व ते पंधरा मिनिटं सांगत होते. चौथे आमचे सचिव, त्यांनी तर कहर केला, डोळे मिटून, आवाज कापरा करून म्हणाले, ज्याच्या जिभेवर सरस्वती होती तो वाघ मुका होऊन गेला.

काकी बायकांच्या घोळक्यात मागं बसली होती. ती बोलणाऱ्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

मी मान फिरवली. लाज वाटली. कडेची माणसं उठायला लागली होती, कुणाला कापणीला जायचं होतं, कुणाला वेल्ह्याची एसटी धरायची होती. अजून अर्धा तास गेला असता तर काकीला ऐकायला भटजी आणि मांडववाला उरले असते. हातात सात चिठ्ठ्या होत्या आणि सगळ्यांत वर अध्यक्षांची. त्यांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले. चांगले चार कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. ते उठून माझ्याकडं चालायला लागले, आणि माझं डोकं सणकलं. त्यांचा राग आलाच, पण खरा संताप माझाच आला मला. एवढं तोंड चालवतो मी, आणि एका माणसाला थांब म्हणायची माझी टाप नाही?

मी चिठ्ठ्या खिशात कोंबल्या आणि माईकवर म्हणालो, "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून काकांना आदरांजली वाहावी."

खुर्च्या खरखरल्या. सगळे उठले. निघालेली माणसं पायवाटेवरच थांबली. अध्यक्ष निम्म्या वाटेत होते, एक पाय पुढं, कागद हातात, ते तसेच थिजले. माझ्याकडं त्यांनी असं बघितलं की विचारू नका. पण करतात काय? जोडले हात.

मी माईक घेऊन त्या उभ्या माणसांतून मागं चालत गेलो. वायर लांब होती म्हणून बरं. ती लोकांच्या पायांत अडकत होती आणि लोक न बोलता पाय उचलून तिला वाट देत होते. काकीच्या समोर जाऊन मी माईक तिच्या तोंडाशी धरला. ती आधी माईकला घाबरली. मग तिनं पदर नीट केला.

"ह्ये न बोलता गेले आसं समदी म्हणत्यात. तसं न्हाई," काकी म्हणाली. "ह्ये भाईर लई बोलायचे. घरी यायचे तवा घसा बसल्याला आसायचा. घरात आमी खुणंनंच बोलायचो. पाणी पायजे तर आसं. भाकरी बास तर आसं. म्या समदा जल्म ह्यांचं हातानं बोललेलं ऐकलं. दवाखान्यात वाचा गेली तवा तुमी रडला. मला काय येगळं वाटलंच न्हाई."

कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि लगेच बंद झाला. काकीनं डावा हात वर केला, पाची बोटं जुळवली आणि थोडी तोंडाकडं नेली.

"आखरीच्या दिशी ह्यांनी हात आसा केला. म्हंजी, तू जेवलीस का. म्या व्हय म्हणलं. जेवले न्हवते, पर व्हय म्हणलं. मंग डोळं मिटलं. ह्ये बोलून गेल्यात. येवढंच सांगायचं व्हतं."

तिनं माईक माझ्याकडं सारला.

माणसं उभीच होती. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती, पण मी सोडल्याशिवाय कुणाला हलता येत नव्हतं. अध्यक्षांच्या हातातले कागद खाली आले होते. सचिव जमिनीकडं बघत होते. ओम शांती म्हणायचं होतं, दोनच शब्द, हजारदा म्हटलेले. मी माईक तोंडाशी नेला. तोंड उघडलं. आवाज फुटेना. पुन्हा प्रयत्न केला, तर नुसता श्वास माईकमध्ये गेला आणि सगळ्या ओढ्याकाठी ऐकू आला.

शेवटी मी माईक बाजूला केला आणि हातानं बसायची खूण केली. आधी काकी बसली, मग सगळे.