मोर्चात मागे चाला

"हे मोदक ड्रायव्हर लोकांना देऊन टाका," वहिनी म्हणाल्या. माझ्यासमोर. माझेच मोदक.

अमिरातीतल्या अल ऐनच्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती, सगळं मंडळ ज्यांना वहिनी म्हणायचं, त्यांच्या व्हिलात बसायचा. नैवेद्याचे मोदक बायका तिथेच जमून करायच्या. माझ्या मोदकांच्या कळ्यांचं सकाळपासून कौतुक चाललं होतं. बोलता बोलता एकीनं विचारलं, तुमचं कुलदैवत कोणतं? सुशिक्षित माणसं जात विचारत नाहीत, कुलदैवत विचारतात. एरवी मी जेजुरी सांगून मोकळी व्हायची. आडनाव गावावरून, त्यामुळे खपून जायचं. त्या दिवशी कौतुकानं सैल पडले आणि खरं बोलून गेले. "कुलदैवत नाही. आमच्याकडे बुद्धवंदना असते."

सगळ्यांचे हात थांबले. वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं. मी काही मानत नाही. पण सासूबाई आल्यात ना, त्यांचं सोवळं असतं. तू बाहेर रांगोळीचं बघ."

मी हसले. "चालेल की वहिनी," म्हणाले. वर, दारात उभ्या माझ्या मुलीला ऐकू जाईल असं, सॉरी म्हणाले. सॉरी! कशाबद्दल, ते मला आजही सांगता येणार नाही.

का हसले, ते मात्र सांगता येतं. मंदीत दुबईतली बांधकामं थांबली आणि माझ्या इंजिनिअर नवऱ्याची नोकरी गेली. दुसरी मिळाली नाही तर त्याला पुण्याला परतावं लागणार होतं, माझ्या शाळेतल्या नोकरीवर मी आणि मुलगी मागे राहणार होतो. वहिनींचे साहेब रास अल खैमाच्या एका सिमेंट कंपनीच्या इथल्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांचा एक शब्द पुरे होता.

गाडीत मुलगी म्हणाली, "आई, व्हाय डिड दे गिव्ह अवर्स अवे?"

"जागा नव्हती ताटात."

"देअर वॉज प्लेंटी ऑफ स्पेस."

नवऱ्यानं रेडिओ लावला.

मी तिथल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत इतिहास शिकवायची. मुलगी माझ्याच वर्गात. त्या आठवड्यात धडा होता, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकेतल्या सुधारणांचा. बायका मताचा हक्क मागत होत्या. युद्धाच्या आदल्या वर्षी त्यांनी राजधानीत मोठा मोर्चा काढला आणि त्यात काळ्या बायकांना सांगितलं, तुम्ही मागे चाला. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका नाराज होतील म्हणून. पुढे तो देश जगात लोकशाही राखायला युद्धात उतरला, काळे सैनिकही लढले, पण त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवल्या. मी हे सगळं तावातावानं शिकवत होते. खडू मोडला एवढ्या जोरात.

मुलीनं हात वर केला. "मिस, डिड दे गो टू द बॅक?"

"काही गेल्या," मी इंग्रजीत सांगितलं. "एकजण नाही गेली. गर्दीतून आली आणि आपल्या राज्याच्या गोऱ्या बायकांबरोबर चालू लागली."

"अँड द वन्स हू वेंट? डिड दे से सॉरी?"

बाकीची मुलं हसली. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. माझे कान तापले. वर्गात तोंड लपवायला जागा नसते, मी फळ्याकडे वळले आणि उगाच फळा पुसत बसले.

संध्याकाळी वहिनींचा फोन.

"गौरीजेवणाला या हं तिघं. फक्त जरा उशिरा या, पहिली पंगत उठली की. आणि साहेब बोललेत कंपनीत. इन्शाल्ला, काम होईल."

नवरा समोर बसला होता. त्याला ऐकू जात होतं. तो मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण.

"वहिनी, पहिल्या पंगतीला बसवणार असाल तर येऊ," मी म्हणाले. "नाहीतर नाही. आणि का नाही, ते मंडळात सगळ्यांना मी स्वतः सांगणार."

"अगं, नवऱ्याच्या नोकरीचा तरी विचार कर!"

"केला."

फोन ठेवला. नवरा एवढंच म्हणाला, "खलास."

नोकरी मिळाली नाही. तो पुण्याला गेला. विमानतळावर मुलगी त्याला सोडेना, तेव्हा मी आतून मोडले. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

पण लाज वाटते ती त्या फोनची नाही. त्या हसण्याची वाटते, त्या सॉरीची. ती लाज जाऊ नये. पुन्हा कुणी मला नंतर ये म्हणालं, तर मी जाणार नाही. आणि का आले नाही, ते माझी जात सांगून, त्यांच्या तोंडावर सांगेन.