पाकीट उघडण्याआधी

आमच्या प्रयोगशाळेत दोन घड्याळं होती, एक तळघरात आणि एक तिसऱ्या मजल्यावर. त्यांना काटे नव्हते. लेझरने धरून ठेवलेल्या अणूंची थरथर मोजून ती वेळ सांगायची. वरचं घड्याळ खालच्यापेक्षा कणभर पुढे पळायचं, कारण जमिनीपासून जितकं उंच जावं तितका काळ भरभर सरतो. हे पुस्तकात वाचलं होतंच, पण आपल्याच इमारतीच्या जिन्यात ते घडतंय याची मला रोज गंमत वाटायची.

जर्मनीतल्या गार्चिंगमध्ये दोन वर्षं मी हा फरक मोजला. हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे चोळत बसायचा मोह कोणालाही होतो. म्हणून आमच्या प्रोफेसरांनी सुरुवातीलाच मोजमापात एक गुप्त आकडा मिसळला होता आणि तो लिहून पाकीट बंद केलं होतं. काम पुरं झालं की सगळ्यांसमोर पाकीट उघडायचं, तो आकडा वजा करायचा आणि जे निघेल ते तसंच छापायचं. त्यानंतर काहीही बदलायचं नाही.

पाकीट उघडायच्या दिवशी सकाळी मी पोहे खात होते. सासरे पुण्याहून आमच्याकडे आलेले. पाटबंधारे खात्यात जन्मभर सर्वेचं काम केलेला माणूस.

"दोघांतली उंची मोजलीस ती कुठपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"घड्याळापर्यंत, बाबा."

"घड्याळाच्या कुठे? आम्ही काठी कुठल्या दगडावर ठेवली ते आधी लिहायचो."

मी "लिहिलंय हो" म्हणून विषय संपवला. पण ऊ-बानमध्ये, इथल्या भुयारी रेल्वेत, बसल्यावर राहवेना. वही काढली. खालची उंची अणूंपर्यंत मोजली होती. वरची टेबलापर्यंत. अणू टेबलाच्या चांगले हातभर वर असतात. ज्या दिवशी मोजलं त्या दिवशी वरची अणूंची पेटी अजून बसवायची होती. उरलेलं नंतर मिळवू म्हटलं आणि विसरले.

हे सांगितलं तर सगळं पुन्हा करावं लागणार होतं. माझं कंत्राट महिन्याभरात संपत होतं, आणि मुदतवाढीचा कागद निकाल जोडून त्याच शुक्रवारी पाठवायचा होता. माझ्या व्हिसावर आमचं अख्खं घर इथे होतं. आणि न सांगितलं तर? वेळेतला फरक उंचीशी जुळला नसता आणि निसर्गाचा नियम चुकतोय असा खोटा शोध आमच्या नावावर लागला असता. तरी गार्चिंगला उतरेपर्यंत मी गप्प बसायचं पक्कं केलं होतं. माझी मलाच चीड येत होती, पण ठरलं होतं.

पाकीट टेबलावर होतं. प्रोफेसरांनी सुरी हातात घेतली.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "कोणाला काही बदलायचंय?"

रीतीप्रमाणे प्रत्येकाने उत्तर द्यायचं होतं. मी शेवटच्या खुर्चीवर बसले होते. पहिला म्हणाला, "नाइन," म्हणजे नाही. दुसराही नाइन. माझ्या शेजारी पीएचडी करणारी मुलगी होती. तिने लगेच उत्तर दिलं नाही. आपले कागद उघडले, एकेक पान पाहिलं. सगळे थांबले. शेवटी तिने कागद मिटले आणि म्हणाली, "नाइन."

मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मला बदलायचंय," मी म्हणाले. "वरची उंची चुकली आहे. चूक माझी आहे."

प्रोफेसरांनी सुरी खाली ठेवली, पाकीट खणात टाकलं आणि टेप आणायला सांगितला.

सगळं नव्याने करायला सहा आठवडे लागले. पाकीट उघडलं तेव्हा आकडा जिथे यायला हवा तिथेच आला. सगळे टेबलावर बोटं वाजवू लागले, इथली टाळ्यांची पद्धत ती. मी पाहुणी म्हणून बसले होते. माझं कंत्राट संपून पंधरा दिवस झाले होते.

नवरा अजून सगळ्यांना सांगतो की मी हिमतीने वागले. मी त्याला अडवत नाही. पण त्या दिवशी मी पहिल्या खुर्चीवर बसले असते, तर नाइन म्हणून मोकळी झाले असते.