अल्लीपूरची ब्लाउज शिवणारी

आईच्या आजारपणात वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात मी चार दिवस होते. शेजारच्या खाटेवर अल्लीपूरची एक साठीतली बाई होती. गावात ती पायाच्या मशीनवर ब्लाउज शिवायची. उजव्या पायाची रक्तवाहिनी बंद होऊन अंगठा निळा पडला, तेव्हा पाय कापावा लागेल असं तिला दुसरीकडे सांगितलं होतं.

इथं डॉक्टरांनी तिच्या जांघेत बारीकसं छिद्र पाडून आतून तार नेली आणि इवल्याशा फुग्यानं ती वाहिनी उघडली. ती पूर्ण शुद्धीत होती.

"मले वाटलं, आखा पाय चिरतीन," ती मला म्हणाली. "हे तं काजापेक्षाबी बारीक भोक हाये."

संध्याकाळपर्यंत उजवा पाय हलवायचा नव्हता. चादरीखाली डावा मात्र मशीन चालवल्यासारखा हलत राहायचा. मधूनच ती मला बोलवायची.

"बाई, माह्या बोटाले हात लावून पाहा. गरम हाये ना?"

उजव्या पायाची बोटं दर वेळी उबदारच असायची, आणि मी तसं सांगितलं की ती दर वेळी नव्यानं हसायची.

मोठा आजार म्हणजे मोठी चीर, असंच मी समजत आले होते. तिच्या जांघेवर फक्त एक छोटी पट्टी होती.

दोन दिवसांनी तिला सुट्टी मिळाली. सून चाकाची खुर्ची घेऊन आली. बाईनं आपली पिशवी खुर्चीत ठेवली, सुनेला बाजूला केलं आणि खुर्ची स्वतःच ढकलत ती सावकाश दरवाज्याबाहेर चालत गेली.