कमरेला लावायची कैरी

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे नेदरलँड्समध्ये, कापेलला अडकली होती. आली होती थोड्या दिवसांसाठी, पण विमानं बंद झाली आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. खोटं कशाला बोलू, लग्नानंतर आई इतकी वाट्याला कधी आलीच नव्हती. नवरा वरच्या खोलीत दिवसभर मीटिंगमध्ये, खाली स्वयंपाकघरात आमचं राज्य. खिडकीतून कालव्यातली बदकं दिसायची, आणि आई त्यांनासुद्धा "मेल्यांनो, लांब लांब राहा" म्हणून दटावायची. काय दिवस होते! आठवले की अजून जीव हळवा होतो.

संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल यायचा. दादा, माझा थोरला भाऊ, अमेरिकेत ॲरिझोनात एकटाच राहायचा. आई विचारायची, "कसा आहेस रे?" तो म्हणायचा, "मजेत." रोज तेच. पण मला ठाऊक होतं ते आईला नव्हतं: साथ सुरू झाल्यावर त्यानं पिस्तूल घेतलं होतं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एक माणूस "तुमचा रोग घेऊन परत जा" म्हणत त्याच्या अंगावर धावून आला होता. त्यानंतर हा शहाणा बंदुकीच्या दुकानात जाऊन रांगेत उभा राहिला. मी फोनवर चांगलं फैलावर घेतलं, तर म्हणतो कसा, "इथे चालतं. परवानासुद्धा लागत नाही."

पुढे त्याला न्यू जर्सीत नोकरी लागली आणि तो गाडीनं निघणार होता, ते जवळ बाळगून. मी इंटरनेटवर वाचत बसले आणि डोकंच फिरलं. एका राज्यात शर्टाखाली पिस्तूल लपवून खुशाल फिरा, कुणी विचारत नाही. दुसऱ्यात परवाना हवा. तिसरं बाहेरचा परवाना मानतं, चौथं मानत नाही. न्यू जर्सी तर बाहेरच्या कुणाचाच मानत नाही, सापडलात तर तुरुंग. आपल्याकडे राज्य बदललं की फार तर आमटीची चव बदलते. तिथे हद्दीची पाटी ओलांडली की सरळमार्गी माणूस गुन्हेगार! दादाकडे अजून ग्रीन कार्डच होतं. पकडला गेला असता तर नोकरी, कार्ड, सगळंच मुसळ केरात.

एका संध्याकाळी त्यावरून कॉलवर आमची जुंपली. आई ओट्याशी इथल्या सुरिनामी लोकांच्या दुकानातून आणलेल्या कैऱ्या सोलत होती. तिला कळू नये म्हणून आम्ही मुद्दाम इंग्रजी शब्द पेरत होतो, पिस्तूल बाळगणं म्हणजे 'कॅरी'.

"दादा, तिथे कॅरी चालत नाही. वाटेतल्या कितीतरी स्टेट्समध्ये कॅरीला परमिट लागतं."

"नीट झाकून नेली तर कोण बघतंय?"

आई गर्रकन वळली. "अगं बाई! कैरीला परमिट?"

आम्हा दोघांना हसू आवरेना. मी लगेच थाप मारली, "हो ना, फळं नेऊ देत नाहीत."

"मग आंबोशी करून ने म्हणावं. वाळवलेल्याला कोण अडवतंय!"

हसता हसता दादाच्या तोंडून निघून गेलं, "आई, आंबोशी कमरेला कशी लावू?"

आईचा हात थांबला. तिनं दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर लहानपणापासून काही लपत नाही.

"काय आहे रे कमरेला?"

दादानं सांगितलं. पार्किंगमधल्या माणसासकट सगळं. मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार. तिनं हात पुसले आणि फोनसमोर येऊन बसली.

"इतका घाबरला होतास? आणि मला रोज मजेत म्हणून सांगत होतास?"

"तू तिथे अडकलेली. तुला काय सांगणार होतो, आई?" दादाचे डोळे भरून आले.

"हेच सांगायचं होतंस. ते मेलं आधी विकून टाक. आणि वाटेत भीती वाटली की मला फोन कर, वेळकाळ बघू नकोस."

त्यानं ऐकलं. निघण्याआधी खरंच ते दुकानात विकून टाकलं. दर मुक्कामावरून त्याचा फोन यायचा, आणि आई "जेवलास का?"च्या आधी "घाबरलास का?" विचारायची. कधी तो "हो" म्हणायचा. मग ती त्याच्याशी गप्पा मारत बसायची, त्याला झोप येईपर्यंत.

तो सुखरूप पोचला त्या दिवशी आईनं फोन खाली ठेवला, देवापुढे साखर ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"आणि तू गं?"

"मला कसली भीती? या देशात पर्समध्ये साधा मिरचीचा स्प्रे ठेवायला बंदी आहे!"

"स्प्रेचं नाही विचारत मी."

मी तोऱ्यात काहीतरी बोलायला गेले, पण तोरा टिकला नाही. "तुला इथे काही झालं तर दादाला येता येणार नाही गं," एवढंच कसंबसं बोलले आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून रडले.

ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली. म्हणाली, "मलाही रोज तीच भीती वाटते."