विहिणीच्या साडीचा गोट

शिवाजी पेठेत धोंडुबाईच्या तोंडाला लागायला सहसा कुणी धजत नाही. सत्तरी ओलांडली, पाठ वाकली, पण जिभेला हाड ते नाहीच. तिच्या लेखी माणसं दोनच तऱ्हेची: ज्यांना वाकळ शिवता येते ती, आणि बाकीची बिनकामाची. गल्लीत कुणी मशीनवर शिवलेली रजई उन्हात टाकली की ही उंबऱ्यातूनच विचारणार, "काय गं, पोतं वाळत घातलंस व्हय?" कुणा बाळंतिणीनं ऑनलाइन मागवलेलं गुबगुबीत ब्लँकेट दाखवलं की, "ह्यात पोरगं निजतंय का शिजतंय?" माणसं मनातून चिडायची, पण घरात पाळणा हलायची वेळ आली की मुकाट जुनी लुगडी घेऊन तिच्याच दारात यायची. वाकळ शिवावी तर धोंडुबाईनं, हे खरंच होतं. आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

यंदा तिच्याच घरी दुसरा नातू झाला. दुसरं बाळंतपण, म्हणून सून वर्षाराणी सासरीच होती. पाचवीला वर्षाराणीची आई आली, आक्का. जोतिबाच्या डोंगरावर देवळाच्या वाटेला तिचं नारळ-गुलालाचं खोपट. नवरा कधीच गेलेला. तिनं पिशवीतून एक जांभळी साडी काढली, सोनेरी फुलांची, घडीसुद्धा न मोडलेली.

"विहीणबाई, थोरल्याच्या वक्ताला माज्याकडनं काय झालं न्हाई. ह्याच्या वाकळंला गोट तेवढा ह्या साडीचा लावा. पोराच्या अंगावर माजं बी काय तरी असू दे की."

गोट म्हणजे वाकळेच्या कडेला चारी बाजूंनी लावायची पट्टी. मागणं रास्त होतं. वाकळेत दोन्ही घरची कापडं असावीत, ही पेठेतली रीतच. "लावतो की," धोंडुबाई म्हणाली.

आक्का जिना उतरली न उतरली तोच हिनं साडीचा पदर तोंडात घालून दाढेखाली धरला. ही तिची परीक्षा. तान्हं पोर वाकळेची कड चोखत पडतं, तेव्हा कडेचं कापड आधी शिवणारणीनं चघळून बघायचं. रंग सुटतो का, सूत टोचतं का, लाळ टिपतं का. मिनिटभरात तिनं पदर थुंकला.

"थू! नायलॉन! जीब बग जांबळी झाली. कुटल्या उकिरड्यावरनं उचलली कुणाला ठावं. देणं दरिद्र्याचं आन् हौस मात्र गोटाची!"

"आत्ती, जरा हळू की," वर्षाराणी आतून म्हणाली.

"हळू कशाला? नातवाच्या तोंडात इख घालू व्हय?"

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून ती राजारामपुरीत गेली. चकाचक दुकान, आत गारेगार. दुकानदारानं साटीनच्या तयार पट्टीचं बंडल पुढं केलं. हिनं टोक उचललं आणि चावलं.

"ओ मावशी! कापड खाताय काय?"

"खाऊन बगितलं. म्हशीम्होरं टाकलं तर म्हस बी तोंड लावायची न्हाई."

"मग हे घ्या, प्युअर कॉटन."

"खळ हाय नुसती. दोनदा धुतलं की तुमच्या प्युअरची जाळी हुतीया. पावणं, कापड इकताय का पापड?" असं म्हणून ती पायऱ्या उतरली.

घरी येऊन तिनं ट्रंकेतलं स्वतःचं हिरवं लुगडं काढलं. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालेलं. चघळलं, पसंत पडलं. मग उरेब, म्हणजे तिरक्या पट्ट्या कापल्या, कारण सरळ पट्टी कोपऱ्यावर ओढ धरते. एका अंगानं बारीक टाके घालून पट्टी उलटवली, दुसऱ्या अंगानं तुरपाई केली, एकही टाका वर दिसू दिला नाही. चारी कोपरे असे वळले की बोट फिरवलं तर अडू नये. आक्काची साडी गाठोड्यात कोंबली. गुलाल विकणारीला कापडातलं काय कळतंय, असं तिचं मत.

आता नायलॉन तान्ह्याच्या तोंडाला नको, यात बाई चुकली नव्हती. पण सांगायला काय धाड भरली होती? एक फोन तर करायचा. पण नाही! विहिणीला फोन करून सांगण्याइतकीसुद्धा किंमत तिच्या लेखी नव्हती.

बारशाला घर बायकांनी भरलं. आक्का आली ती थेट पाळण्याशी. तिनं वाकळेची कड हातात घेतली, चारी बाजूंनी चाचपली, उलटून खालूनही बघितली.

"विहीणबाई, माजी साडी कुटं दिसंना?"

धोंडुबाईला थाप मारता आली असती, वेळ निभली असती. पण समोर अख्खी गल्ली बसलेली, मग जीभ कसली आवरते!

"न्हाई लावली. चगळून बगितली, भिकार निगाली. असलं कापड मानसानं मानसाला देऊ न्हाई. देनाऱ्याची अक्कल दिसती त्यात."

आक्कानं मान हलवली. तिला रागसुद्धा आला नव्हता.

"आसंल. मला न्हाई कळत त्यातलं. आमच्या वर्षीच्या लग्नात तुमीच दिलेली की ती, विहिणीचा मान म्हणून. सात वर्सं झाली, एकदा बी नेसलो न्हाई. गुलालात कशाला घालवायची म्हटलं. एवढी मानानं दिली म्हंजी चांगलीच आसनार, आसं वाटलं मला."

त्या लग्नात धोंडुबाईनं देण्याघेण्याच्या वीस साड्या ठोकात उचलल्या होत्या आणि त्यातली वरची एक, न बघता, विहिणीच्या हातावर ठेवली होती. कुणीतरी पदर तोंडाला लावून फिसकन हसलं.

"ऱ्हाऊ दे मग ती तुमालाच," आक्का म्हणाली, आणि वाकळ बाळाच्या पायांवर नीट ओढून बाजूला झाली.